स्तनपानाच्या काळात वनस्पतिजन्य पूरके आणि दुधातील अनपेक्षित बदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुधाचा रंग, वास किंवा प्रमाण अचानक बदलले की आईचे लक्ष सर्वप्रथम नुकत्याच सुरू केलेल्या गोळीकडे, चूर्णाकडे किंवा काढ्याकडे जाते. कधी तो संशय खरा ठरतो; पण बऱ्याचदा बदलाचे कारण स्तनाच्या स्वाभाविक कार्यात किंवा पाजण्याच्या पद्धतीत दडलेले असते, आणि गोळी केवळ त्याच आठवड्यात सुरू झालेली असते. हे दोन्ही प्रकार वेगळे ओळखता यावेत, एवढ्यासाठी पुढील उत्तरे आहेत. ती डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय नाहीत.

स्वयंपाकात वापरतो तीच वनस्पती पूरक म्हणून घेतली, तर असा काय फरक पडतो?

फरक मात्रेचा आणि तीव्रतेचा असतो. चवीपुरती घातलेली मेथी आणि दूध वाढवण्यासाठी सुचवली जाणारी मेथी या एकाच वनस्पतीच्या असल्या, तरी दुसऱ्या प्रकारात रोजची मात्रा साधारणतः १ ते ६ ग्रॅमपर्यंत जाते आणि ती आठवडेच्या आठवडे चालू राहते. अर्क असेल तर मूळ वनस्पतीतील काही द्रव्ये कितीतरी पटींनी एकवटलेली असतात. म्हणून ‘आपण हे रोजच खातो’ हा युक्तिवाद कॅप्सूलला लागू पडत नाही. पूरकाकडे औषध म्हणूनच पाहावे, कारण ते औषधासारखे काम करील या अपेक्षेनेच घेतलेले असते.

आईने घेतलेले पूरक दुधात कसे उतरते?

दूध तयार करणाऱ्या पेशी लागणारा सगळा माल आईच्या रक्तातून उचलतात. रक्तात पोहोचलेले द्रव्य लहान रेणूचे, मेदात विरघळणारे आणि रक्तातील प्रथिनांना फारसे न चिकटणारे असेल तर ते दुधात सहज जाते. मोठे रेणू बहुतांशी अलीकडेच अडतात. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत या पेशींमधील फटी पुरत्या मिटलेल्या नसतात, त्यामुळे त्या काळात बाहेरची द्रव्ये अधिक मोकळेपणाने पलीकडे जातात. मात्र तेव्हा येणारा चीकच इतका थोडा असतो, की बाळाला मिळणारी एकूण मात्रा सहसा कमीच राहते.

औषधांच्या बाबतीत एक ढोबळ मोजमाप वापरले जाते: वजनाच्या हिशेबाने बाळाला दुधातून मिळणारी मात्रा आईच्या मात्रेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर ते औषध स्तनपानात सामान्यतः चालण्याजोगे मानतात. हा हिशेब एका रेणूचा असतो. वनस्पतीत मात्र अनेक द्रव्ये एकत्र नांदतात, त्यांचे प्रमाण माती, हंगाम आणि काढणीनुसार बदलते, आणि बहुतेक पूरकांसाठी असे गणित कोणी करूनच पाहिलेले नाही. ‘अपाय आढळलेला नाही’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘कोणी शोधलेला नाही’ एवढाच असतो, हे वेष्टनावरील मजकूर वाचताना लक्षात ठेवावे.

पूरक सुरू केल्यापासून दूध हिरवट दिसते आहे. ते बाळाला देणे योग्य आहे का?

बाळ नीट पीत असेल आणि आईला स्तनाचा काही त्रास नसेल, तर हिरवट दुधाने घाबरून जाण्याचे कारण नाही. स्पिरुलिना, समुद्रशैवाल, क्लोरोफिल किंवा गडद हिरव्या पानांची भुकटी असलेल्या पूरकांनी दुधावर हिरवट छटा येऊ शकते. जीवनसत्त्व ब-२, म्हणजे रायबोफ्लेविन, मुळातच हिरवट पिवळे असते आणि त्याच्या मोठ्या मात्रेने लघवीप्रमाणेच दुधाचा रंगही बदलू शकतो. बीटा कॅरोटिन असलेल्या पूरकांनी दूध पिवळसर किंवा केशरी होते. पूरक थांबवल्यावर काही दिवसांत छटा ओसरली, तर कारण तेच होते असे मानायला हरकत नाही.

पण रंगाची तुलना कशाशी केली जात आहे, हे आधी तपासावे. चीक दाट आणि पिवळा असतो. त्यानंतरचे दूध फिकट होत जाते आणि दोन ते चार आठवड्यांत ते स्थिरावते. एकाच वेळच्या पाजण्यातसुद्धा सुरुवातीचे दूध पातळ आणि निळसर झाक असलेले, तर शेवटचे अधिक मेदयुक्त व पांढरेशुभ्र असते. काढून ठेवलेल्या दुधावर सायीसारखा थर येतो आणि खाली निळसर पाणी दिसते. हलक्या हाताने हलवले की ते पुन्हा एकजीव होते. ज्या आईने आजवर दूध कधी बाटलीत पाहिलेलेच नसते, तिला पहिल्यांदा पंप वापरल्यावर हे सगळे ‘अचानक झालेले’ वाटते, आणि योगायोगाने त्याच सुमारास पूरक सुरू झालेले असेल तर दोष त्याच्या माथी जातो.

दूध गुलाबी, लाल किंवा तपकिरी दिसले तर?

या रंगांचे खापर पूरकावर फोडण्याआधी रक्ताचा विचार करावा. सर्वांत सामान्य कारण म्हणजे स्तनाग्राला पडलेली भेग. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांत स्तनातील रक्तप्रवाह झपाट्याने वाढतो, सूक्ष्म वाहिन्या फुटतात आणि काही मातांचे दूध गंजलेल्या नळाच्या पाण्यासारखे तपकिरी येते. ते बहुधा आठवडाभरात आपोआप स्वच्छ होते आणि तोवर बाळाला पाजता येते. बाळाने गुळणी काढली आणि तीत रक्ताचे तंतू दिसले, तर ते रक्त बहुतेक वेळा आईच्या भेगेतून आलेले असते. तरीही त्याची खात्री डॉक्टरांनीच करावी.

रक्त आठवड्यानंतरही येत राहिले, एकाच स्तनातून येत असेल किंवा गाठ हाताला लागत असेल, तर दुग्धनलिकेतील वाढीसारखी कारणे तपासावी लागतात आणि त्यात चालढकल करू नये. साठवलेल्या दुधाला किंवा पंपाच्या नळीला नंतर गुलाबी रंग चढला, तर ‘सेराशिया’ या जिवाणूची शक्यता असते; हे क्वचितच घडते, पण असे दूध बाळाला न देता डॉक्टरांना दाखवावे. काळे दूध हा आणखी दुर्मीळ प्रकार असून तो मिनोसायक्लिन या प्रतिजैविकाच्या वापरानंतर नोंदला गेला आहे. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे दूध केशरी होऊ शकते. ही दोन्ही वनस्पतिजन्य द्रव्ये नाहीत, पण पूरकाबरोबर दुसरे काय चालू आहे हे विचारणे का गरजेचे असते, ते यावरून कळावे.

दुधाला वेगळाच वास येतो. बाळ त्यामुळे पिणे सोडेल का?

वास बदलतो, हे प्रयोगाने दाखवले गेले आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मेनेला आणि बोशाम्प यांच्या अभ्यासात मातांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. सुमारे दोन तासांनी दुधाचा वास सर्वाधिक तीव्र झाला, आणि बाळे तोंड फिरवण्याऐवजी स्तनाला अधिक वेळ लागून राहिली. बाळ नव्या चवीवर रुसेलच असे नाही, ही त्यातली गमतीची आणि दिलासा देणारी बाजू.

मेथीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्यातील सोटोलोन या द्रव्यामुळे आईच्या घामाला आणि लघवीला मेपल सिरपसारखा, जळक्या साखरेच्या पाकाची आठवण करून देणारा गोड वास येतो, आणि तो बाळाच्या अंगालाही येऊ शकतो. याच वासावरून ‘मेपल सिरप लघवी रोग’ हा गंभीर आनुवंशिक चयापचय विकार ओळखला जातो, त्यामुळे मेथी घेतल्याचे न सांगितल्यास डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते. उलट बाळ सुस्त असेल, पीत नसेल किंवा ओकत असेल, तर ‘वास मेथीचाच असणार’ असे ठरवून घरी थांबणेही तितकेच चुकीचे ठरते.

ताजे दूध ठीक असते आणि साठवल्यानंतरच त्याला साबणासारखा वास येतो, अशी तक्रार असेल तर कारण दुधातील लायपेज हे विकर असते. ते दुधातील मेद फोडते. असे दूध अपायकारक नसते. काही बाळांना मात्र त्याची चव आवडत नाही. साठवण्यापूर्वी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत, उकळू न देता, तापवून लगेच थंड केले तर हा बदल टळतो.

मेथी किंवा शतावरीने दूध खरोखर वाढते का?

प्रामाणिक उत्तर ‘कदाचित थोडे, पण खात्रीने सांगता येत नाही’ असे आहे. कॉक्रेन या संस्थेने २०२० साली दूध वाढवणाऱ्या औषधांचा आणि नैसर्गिक उपायांचा आढावा घेतला. पूर्ण दिवस भरलेल्या, घरी असलेल्या बाळांच्या ३,००५ मातांवरील ४१ चाचण्या त्यात तपासल्या गेल्या. नैसर्गिक उपायांनी दुधाचे प्रमाण किंवा बाळाचे वजन वाढण्यास मदत होत असावी असे काही चाचण्यांत दिसले, परंतु चाचण्या लहान, एकमेकींशी न जुळणाऱ्या आणि त्रोटक नोंदी असलेल्या होत्या, त्यामुळे वाढ नेमकी किती याबद्दल आढावा घेणाऱ्यांनी मोठी अनिश्चितता व्यक्त केली. शतावरीची कथाही अशीच आहे: १९९६ च्या एका भारतीय चाचणीत तिचा फायदा दिसला नाही, तर २०११ च्या दुसऱ्या चाचणीत प्रोलॅक्टिन, म्हणजे दूधनिर्मितीला चालना देणारे संप्रेरक, वाढलेले आढळले.

माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. पहिल्या काही आठवड्यांनंतर दूध किती तयार व्हायचे हे मुख्यतः स्तन किती वेळा आणि किती पूर्ण रिकामा होतो यावर ठरते. साचून राहिलेले दूध स्वतःच पुढच्या उत्पादनाला आवर घालते. बाळाची पकड उथळ असेल, रात्रीचे पाजणे बंद झाले असेल किंवा प्रत्येक वेळी वरच्या दुधाची बाटली पुढे येत असेल, तर कितीही कॅप्सूल घेतल्या तरी पान्हा वाढण्याची आशा धरता येत नाही. स्तनपानविषयक वैद्यकीय तज्ज्ञांची संघटना असलेल्या ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’नेही आधी पाजण्याची पद्धत आणि वैद्यकीय कारणे तपासावीत, दूध वाढवणाऱ्या द्रव्यांचा विचार त्यानंतर करावा, अशीच भूमिका घेतली आहे.

दूध खरोखर कमी आहे की तसे केवळ वाटते आहे, हे कसे ओळखायचे?

स्तन किती भरलेले वाटतात यावरून हे ठरवू नये. साधारण सहा आठवड्यांनी स्तन मऊ पडतात, दूध आपोआप गळणे थांबते, आणि ते आटले असे अनेकींना वाटते. प्रत्यक्षात उत्पादन मागणीशी जुळलेले असते. पंपाने किती निघते यावरूनही अंदाज करू नये, कारण पंप सहसा बाळाइतका कुशल नसतो. संध्याकाळी बाळ पुन्हा पुन्हा प्यायला मागते, तेही उपाशी असल्याचे लक्षण असतेच असे नाही.

भरवशाची खूण बाळाचे वजन आहे. जन्मानंतर थोडे घटलेले वजन १० ते १४ दिवसांत भरून यावे आणि त्यापुढे पहिल्या तीन महिन्यांत रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ व्हावी. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा वेळा चांगली शू व्हावी. हे सगळे जुळत असेल तर दूध वाढवणाऱ्या पूरकाची गरजच नाही.

पूरक घेऊ लागल्यापासून दूध वाढण्याऐवजी कमी झाले. असे होऊ शकते का?

होऊ शकते, आणि प्रथम वेष्टनावरील घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी. मिश्र पूरकांत आणि पचनासाठीच्या चहांत पुदिना किंवा सेज ही सुगंधी पानांची वनस्पती असते. जास्त प्रमाणात घेतल्यास दूध कमी होते असा या दोन्हींचा पूर्वापार अनुभव सांगितला जातो, जरी त्यावरील संशोधन तोकडे आहे. सर्दीवरील गोळ्यांमधील स्यूडोएफेड्रिनबाबत मात्र मोजमाप झालेले आहे: २००३ च्या एका अभ्यासात ६० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेनंतर चोवीस तासांतील दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटले. एफेड्रा या वनस्पतीत याच कुळातील द्रव्ये असतात, म्हणून वजन घटवण्याच्या किंवा दम्यावरच्या ‘नैसर्गिक’ मिश्रणांत तिचे नाव दिसले तर ते मिश्रण दूर ठेवावे.

यानंतर पूरकाबाहेरची कारणे पाहावीत. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, थायरॉइडचा बिघाड, पुन्हा राहिलेली गर्भधारणा, धूम्रपान, गर्भाशयात राहून गेलेला वारेचा तुकडा आणि स्तनावरील पूर्वीची शस्त्रक्रिया ही त्यांतली प्रमुख होत. यांपैकी काहींवर नेमके उपचार आहेत. महिनाभर एकामागून एक पूरके बदलत राहण्यात खरी हानी होते ती ही, की तेवढ्या काळात थायरॉइडची साधी रक्ततपासणीही होत नाही.

दूध प्रमाणाबाहेर वाढले तर पूरक लगेच थांबवावे का?

होय. दूध पुरेसे असताना घेतलेल्या पूरकाने स्तन दगडासारखे होणे, नलिका चोंदणे आणि स्तनदाह होणे हे धोके वाढू शकतात. बाळ पिताना ठसकते, स्तन सोडून रडते, त्याची शी हिरवी आणि फेसाळ होते. अशा वेळी स्तन पूर्ण रिकामे करण्याचा हट्ट धरल्यास उत्पादन आणखी वाढते; ताण हलका होईल इतकेच दूध काढावे.

बाळामध्ये कोणती लक्षणे दिसली तर पूरकाचा संशय घ्यावा?

पातळ जुलाब, वाढलेले वायू, अंगावर पुरळ, नेहमीपेक्षा जास्त चिडचिड किंवा त्याहून चिंताजनक अशी असाधारण झोपाळूपणा आणि मंद चोखणे. १९९४ साली वैद्यकीय नियतकालिकात दोन नवजात बाळांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांच्या माता दूध वाढवण्यासाठी ज्येष्ठमध, बडीशेप, तिच्यासारखेच सुवासिक बी असलेली अनीस आणि गोट्स रू ही शेंगवर्गीय वनस्पती यांच्या मिश्रणाचा चहा दिवसाला दोन लिटरहून अधिक पीत होत्या. बाळे सुस्त, शिथिल झाली, नीट चोखेनात. चहा थांबवल्यावर ती दीड दिवसाच्या आत सुधारली. चहा म्हटला की मोजून पिण्याचे कोणाला सुचत नाही, आणि नेमका तिथेच घात होतो.

एक महिन्याच्या आतील, अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळाचे यकृत व मूत्रपिंडे ही द्रव्ये शरीराबाहेर टाकण्याइतकी तयार नसतात. अशा बाळाच्या आईने कोणतेही पूरक स्वतःच्या मनाने सुरू करू नये. बाळ जागे होत नसेल, पिणे सोडले असेल, श्वासाला त्रास होत असेल किंवा शू कमी झाली असेल, तर कारण शोधत न बसता तातडीने दवाखाना गाठावा.

कोणती पूरके टाळलेलीच बरी?

कॉम्फ्री या वनस्पतीमध्ये यकृताला इजा करणारे पायरोलिझिडिन अल्कलॉइड असतात; ती पोटात घेऊ नये आणि भेगांवर उपाय म्हणून स्तनाग्रालाही लावू नये. चिंता कमी करण्यासाठी घेतली जाणारी कावा ही वनस्पती यकृतासाठी धोकादायक ठरलेली आहे. केल्पसारख्या शैवालाच्या गोळ्यांतून आयोडिन भरमसाट जाऊ शकते, ते दुधात उतरते आणि बाळाच्या थायरॉइडचे काम मंदावू शकते. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास आईचा रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटते. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, ती थायरॉइडवरही परिणाम करते, आणि स्तनपानातील तिच्या सुरक्षिततेबद्दल पुरेशी माहिती नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती अनेक औषधांचा, त्यांत गर्भनिरोधक गोळ्यांचाही, परिणाम कमी करते. बाळंतपणानंतरच्या उदासीवर ती परस्पर घेणाऱ्या आईने हे विशेष ध्यानात घ्यावे.

मला मधुमेह आहे किंवा इतर औषधे चालू आहेत. मेथी चालेल का?

विचारल्याशिवाय नको. मेथी आणि गोट्स रू या दोन्ही रक्तातील साखर उतरवू शकतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध ज्या संशोधनातून पुढे आले, त्याचे मूळच गोट्स रूमधील गॅलेजिन या द्रव्यात आहे. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांत मेथीमुळे रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. मेथी शेंगवर्गीय असल्याने शेंगदाण्याची किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्या आईला तिचाही त्रास होण्याचा संभव असतो, आणि दमा असणाऱ्यांनीही जपून राहावे.

वेष्टनावर ‘पूर्णपणे नैसर्गिक’ असे लिहिलेले पूरक सुरक्षित असते ना?

त्या शब्दांना वैद्यकीय अर्थ नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादने तपासली गेली, तेव्हा २०.७ टक्के उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. धातूंच्या भस्मांचा वापर असलेल्या उत्पादनांत हे प्रमाण अधिक होते. शिसे आईच्या हाडांत साठते आणि दुधातूनही बाळाकडे जाते, त्यामुळे नुकसान आज दिसत नाही म्हणून ते होत नाही असे नव्हे. पूरकांना औषधांसारखी बाजारपूर्व तपासणी अनेक देशांत सक्तीची नाही. घटकांची नावे आणि मात्रा स्पष्ट नसलेले, तसेच स्वतंत्र प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल नसलेले उत्पादन स्तनपानात घेऊ नये.

बदल दिसला की पाजणे थांबवायचे का?

बहुतेक वेळा पूरक थांबवायचे असते, पाजणे नाही. बाळ ठणठणीत असेल तर पाजत राहावे आणि दोन-तीन दिवस बदल पाहावा. पाजणे मध्येच बंद केले की दूध साचते, उत्पादन घटते, आणि जी अडचण नव्हती ती उभी राहते. डॉक्टरांनी काही काळ थांबण्यास सांगितलेच, तर तेवढ्या काळात नियमित दूध काढत राहावे. संशयास्पद पूरक घेत असताना साठवलेल्या दुधावर तारीख लिहून ते वेगळे ठेवावे आणि सल्ला मिळेपर्यंत वापरू नये.

दूध प्रयोगशाळेत तपासून कारण कळेल का?

क्वचितच. दुधात अमुक वनस्पती उतरली आहे का, हे सांगणारी नेहमीच्या वापरातली चाचणी उपलब्ध नाही. जिवाणूसंसर्गाचा संशय असेल तर मात्र दुधाची तपासणी उपयोगी पडते.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?

पूरकाची मूळ बाटली किंवा वेष्टन न्यावे. ‘दूध वाढवायची हिरवी गोळी’ एवढ्या वर्णनावरून कोणालाच काही सांगता येत नाही. पूरक कोणत्या तारखेला सुरू केले, रोज किती घेतले, बदल कोणत्या तारखेला दिसला आणि थांबवल्यावर काय झाले, हे एका कागदावर लिहावे. दुधाच्या रंगाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढावे, कारण दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात सगळेच दूध पिवळट दिसते. इतर औषधे, गर्भनिरोधके आणि आप्तस्वकीयांच्या आग्रहाखातर घेतलेले काढेही सांगावेत. अनेक माता हे शेवटचे संकोचाने लपवतात, आणि डॉक्टरांना सर्वाधिक उपयोग नेमका त्याच माहितीचा होतो. औषधांच्या व वनस्पतींच्या स्तनपानातील वापराबद्दल संशोधनाधारित नोंदी देणारा ‘लॅक्टमेड’ हा अमेरिकेतील माहितीसंच विनामूल्य पाहता येतो. बाटलीवरचे वनस्पतीचे शास्त्रीय नाव हाताशी असेल, तर त्यात शोधणे सोपे जाते.